दुखणं अंगावर काढायचं कुणी?

‘दुखणं अंगावर काढणं’ या मराठी वाक्प्रचाराला उर्दूत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. झेलना आहे, सहना आहे, टालना आहे. पण त्यांतल्या एकातही पुरता अर्थ येत नाही. आजार आहे हे कळलेलं असतं, दवाखाना कुठे आहे हेही माहीत असतं, तरी आज नको, उद्या बघू करत सगळं शरीरावरच निभावून न्यायचं, म्हणजे अंगावर काढणं. मुलींना हा वाक्प्रचार वाक्यात वापरून दाखवा म्हटलं की बहुतेक वाक्यांत कर्ता आई, अम्मी, दादी किंवा खाला असते. ‘अब्बांनी ताप अंगावर काढला’ असं वाक्य क्वचित येतं, आणि आलं तर त्याला ‘कारण कारखान्यात सुट्टी नव्हती’ असं शेपूट जोडलेलं असतं. आईच्या वाक्याला कारण जोडावं असं कुणाला वाटत नाही.

आजार जंतूंमुळे होतो हे विज्ञानाच्या तासाला शिकवलं जातं. पण तो आजार कुणी बोलून दाखवायचा, कुणाच्या खोकल्याला घर जागं होणार, कुणासाठी टॅक्सी बोलवायची आणि कुणाला ‘जरा पडून राहा’ म्हणायचं, हे विज्ञान ठरवत नाही. ते घर ठरवतं, मोहल्ला ठरवतो, जमात ठरवते. माझं म्हणणं असं की आपल्याकडे बाईचं आजारपण तिच्या शरीराचं राहतच नाही. ते घराच्या इज्जतीचं किंवा घराच्या कामाचं होऊन बसतं, आणि त्या दोन्हींत तिला काय होतंय हे विचारायचं राहून जातं.

भाषा शिकवत असल्यामुळे माझं लक्ष आधी शब्दांकडे जातं. मराठी घरात पाळीला ‘अडचण’ म्हणतात, ‘कावळा शिवला’ म्हणतात. आमच्याकडे ‘तबीयत ठीक नहीं’ एवढ्यात पाळीपासून गर्भपातापर्यंत सगळं भागतं. पांढरं जाणं, अंगावरून जाणं, सफेद पानी हे शब्द बायका एकमेकींच्या कानात सांगतात, डॉक्टरसमोर ‘कमजोरी आहे’ म्हणतात. मग डॉक्टर कमजोरीची बाटली लिहून देतो. स्तनातल्या गाठीला नुसतं ‘गाठ’ म्हणतात, कुठली ते सांगत नाहीत. क्षयाला उर्दूत तपेदिक हा चांगला जुना शब्द आहे, मराठीत क्षय आहे, पण मोहल्ल्यात ‘खांसी का कोर्स चल रहा है’ म्हणतात, तेही मुलगा असेल तर. मुलीचा कोर्स कुणाला कळू देत नाहीत.

हे लपवणं आजचं नाही, आणि ते एकट्या मुसलमानांचंही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरात बाईच्या आजारपणावरून दंगली झाल्या आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. महिन्याभरातच संशयितांना घरातून उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, नेणं सुरू झालं. तिथे गेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची खात्रीच झाली होती. त्या ऑक्टोबरात गिरणीत काम करणाऱ्या एका बाईला प्लेगच्या संशयावरून जबरदस्तीनं तिथे नेलं, तेव्हा सुमारे हजारभर गिरणी कामगार त्या इस्पितळावर चाल करून गेले. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, मुंबईत जनरल गॅटेकरच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, पुण्यात रँड आला. पुण्यात बायकांच्या तपासणीवरून किती संताप उसळला आणि पुढे काय झालं, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

आमच्या बाजूची गोष्ट मात्र मराठीत फारशी कुणी सांगत नाही. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात प्लेगची शोधपथकं फिरत होती. हा जुलाह्यांचा, म्हणजे उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांचा मोहल्ला. एका घरातल्या आजारी मुलीला न्यायचं म्हणून पथक आलं आणि घरच्यांनी अडवलं. बघता बघता गर्दी जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. पुढे काही दिवस बंदरावरच्या कामगारांनी आणि गाडीवानांनी शहर बंद पाडलं.

परक्या पुरुषांनी घरात घुसून बायकांच्या काखा आणि जांघा तपासणं हे अत्याचारी होतं, यात शंका नाही. त्याला विरोध करणाऱ्यांना अडाणी ठरवणारा साहेबी इतिहास मला मान्य नाही. पण त्या दंगलीबद्दल जे जे वाचायला मिळतं त्यात सरकारची बाजू आहे, मोहल्ल्याची बाजू आहे, फौजेची आहे. त्या मुलीची नाही. तिचा ताप किती होता, तिला पाणी कुणी दिलं, ती वाचली का, हे कुठे येत नाही. एकाला तिच्यात साथीचं ठिकाण दिसलं, दुसऱ्याला परदा दिसला.

मात्र त्या काळात फक्त अडवणूकच झाली असं नाही. जमातींनी आपापली प्लेग रुग्णालयं काढली, तिथे आपल्या रीतीनं सोय केली. तिसऱ्या आगाखानांनी हाफकिनची लस चारचौघांत टोचून घेतली, आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली. ती प्रयोगशाळा नंतर परळला गेली. म्हणजे इज्जत सांभाळून इलाज करता येतो हे आपल्या माणसांना तेव्हाही समजलं होतं. इज्जत सांभाळण्यासाठी इलाजच टाळणं हा त्यांनी काढलेला रस्ता नव्हता.

बायकांसाठी बायकांनी चालवलेलं इस्पितळ हवं ही गोष्ट तर या शहराला प्लेगच्याही आधी कळली होती. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून कामा इस्पितळ १८८६ मध्ये सुरू झालं आणि इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पिची यांच्याकडे त्याची सूत्रं होती. गिरगावात वाढलेल्या रखमाबाई लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या. तो खटला संपल्यावर त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन थोडा काळ याच इस्पितळात काम करून सुरतेला गेल्या. सुरत आणि राजकोट इथे आयुष्यभर बायकांचे आजार पाहिल्यानंतर १९२९ मध्ये त्यांनी परदा का संपला पाहिजे यावर इंग्रजीत निबंध लिहिला. तीनच वर्षांनी, १९३२ मध्ये, लखनौहून ‘अंगारे’ निघालं. त्यात डॉ. रशीद जहाँ यांचं ‘परदे के पीछे’ हे नाटक आहे. वर्षाआड बाळंतपणं होऊन खंगलेली एक खानदानी बाई दुसरीशी बोलते, एवढंच त्यात घडतं. ती वयानं तरुण आहे आणि शरीरानं म्हातारी झाली आहे. तिला धाक आहे तो नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचा. हे पुस्तक पुढच्याच वर्षी सरकारनं जप्त केलं. मौलवींनी धर्म बुडाला म्हणून ओरड केली, पण ती बाई जे सांगते ते खोटं आहे असं काही कुणी सिद्ध केलं नाही. रखमाबाई आणि रशीद जहाँ एकमेकींना ओळखत असण्याचं कारण नाही. दोघी डॉक्टर होत्या, आणि दोघींनी एकाच पडद्यामागचे रुग्ण तपासले होते.

इथे कुणी म्हणेल, हा जुना परदा आता राहिला कुठे? बुरखा घालून बायका लोकलनं चर्चगेटला नोकरीला जातात. खरं आहे. पण इज्जतीइतकाच दुसरा पडदा कामाचा आहे, आणि तो लालबाग-परळच्या चाळींत कधी बुरखा न पाहिलेल्या बायकांवरही होता.

गिरणगावात कापसाच्या तंतूंनी फुफ्फुसं निकामी होत. त्या आजाराला बायसिनोसिस असं नाव होतं, तो व्यावसायिक आजार मानला जाई. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानं कामगाराला आजारपणाची रजा, तिचा भत्ता आणि पुढे परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय दिलं. भरपाई मिळवायला कामगारांना झगडावं लागलं ते वेगळं, पण निदान झगडायला कागद होता. त्याच चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई वीस-पंचवीस कामगारांची खानावळ चालवत असे. पहाटे शेगडी पेटे ती रात्रपाळीवाल्यांचं जेवण होईपर्यंत विझत नसे. तिच्या फुफ्फुसात गेलेल्या धुराचा आजार कुठल्या यादीत होता? तिची हजेरी कुठे लागत होती की गैरहजेरी लागावी? १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा या बायकांना बँकेच्या लेखी आधी ‘काम करणारी’ ठरवावं लागलं. कर्ज त्यानंतर मिळालं. आजारपणाचंही तसंच आहे. ज्याच्या कामाला पगार आहे त्याच्या आजाराला नाव मिळतं. आज मदनपुरा-नागपाड्यात घरी बसून जरीकाम करणाऱ्या, मणी ओवणाऱ्या, नगावर शिलाई करणाऱ्या बायकांची पाठ आणि डोळे जातात, आणि त्याला ‘उमर हो गई’ म्हणतात.

पुरुष सुटले असंही नाही. क्षयाच्या सरकारी नोंदींत पुरुष रुग्ण जास्त असतात. तंबाखू, दारू, धुळीचं काम आणि ‘एवढ्याशानं काय होतंय’ हा तोरा ही त्याची काही कारणं आहेत. खाडा झाला की रोजंदारी बुडते म्हणून दोन महिन्यांनी बरं वाटू लागलं की पुरुष गोळ्या सोडून देतो. पण त्याचं दुखणं निदान नोंदीपर्यंत पोचतं, घरात त्याच्या पथ्याचं वेगळं शिजतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत तो २५ टक्के होता. यात बायकांच्या शरीराचा भाग आहेच, पण ताटात शेवटी उरतं काय याचाही आहे.

क्षयाचा विषय मी मुद्दाम लांबवते आहे, कारण जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे साधारण एक आपल्या देशात आहे आणि मुंबईत त्याची भीती रोजची आहे. ‘शिवडीला नेलं’ एवढं म्हटलं तरी ऐकणारा समजतो. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींत ऊन-वारा न येण्याचा आणि क्षयाचा संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. आमच्या गल्ल्यांतल्या खोल्याही काही वेगळ्या नाहीत, आणि त्या खोलीत चोवीस तासांपैकी बावीस तास कोण असतं हे उघड आहे. बायकांत फुफ्फुसाबाहेरचा क्षय तुलनेनं जास्त आढळतो: गाठींचा, पोटाचा, गर्भाशयाचा. तो थुंकीच्या तपासणीत दिसत नाही. गर्भाशयाचा क्षय तर कित्येकदा लग्नाला तीन-चार वर्षं होऊन मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर सापडतो. म्हणजे तोपर्यंत जे ओटीपोट दुखत होतं, जी पाळी बंद झाली होती, त्यासाठी तिला कुणी नेलं नाही. वारस हवा झाला तेव्हा नेलं.

लग्नाआधी सापडला तर आणखी कठीण. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, सरकारी दवाखान्यात फुकट आणि पूर्ण केला तर बरा करणारा. पण रिश्त्याची बोलणी चालू असलेल्या मुलीसाठी हे सहा महिने म्हणजे जाहीर झालेला डाग. गोळ्या दुसऱ्या डब्यात भरून ठेवायच्या, दवाखाना दुसऱ्या वॉर्डातला शोधायचा, आरोग्यसेविका घरी आली तर ‘पोलिओवाली’ म्हणून सांगायचं. लग्न ठरलं की कोर्स अर्धवट टाकून सासरी. अर्धवट टाकलेला क्षय औषधांना दाद न देणारा होऊन परत येतो, आणि मग मुलगी माहेरी पाठवली जाते. ‘निक्षय पोषण योजने’तून २०१८ पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पैसे खात्यावर येतात. खातं तिच्या नावाचं आहे का, आणि त्या पैशांचं दूध-अंडं तिच्याच पोटात जातं का, हे योजनेच्या कागदावर येत नाही.

या सगळ्यात एक नाव मी वर्गात आवर्जून घेते. नंदिता वेंकटेशन ही मुंबईची पत्रकार. तिला दोनदा आतड्याचा क्षय झाला आणि दुसऱ्या वेळी उपचारातल्या इंजेक्शनांनी तिचं ऐकणं गेलं. तिनं ते लपवलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले या दुसऱ्या तरुणीचंही क्षयाच्या औषधांनी ऐकणं गेलं होतं. या दोघींनी मिळून बेडाक्विलिन या गोळीवरचा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा मक्ता आणखी लांबू नये म्हणून भारतीय पेटंट कार्यालयात आव्हान दिलं, आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा तो अर्ज फेटाळला गेला. इतर कंपन्यांना ते औषध स्वस्तात बनवायची वाट मोकळी झाली. ज्या आजाराचं नाव मोहल्ल्यात मुली घेऊ शकत नाहीत, त्याचं नाव घेऊन दोन मुली एका जगड्व्याळ कंपनीसमोर उभ्या राहिल्या.

आता आपल्यातल्या एका युक्तिवादाबद्दल बोलायलाच हवं, कारण तो दवाखान्यापेक्षा जास्त चालतो. तो म्हणजे सब्र. आजारी बाईला भेटायला आलेली प्रत्येक पाहुणी हजरत अय्यूब यांच्या सब्रचा दाखला देते. मुलांना मीही हा किस्सा सांगते. पण कुरआनात अय्यूब गप्प बसलेले नाहीत. ‘सूरह अंबिया’त ते आपल्या रबला हाक मारून मला त्रास होतोय असं स्पष्ट सांगतात, आणि ती हाक ऐकली जाते. दुखणं बोलून दाखवणं सब्रच्या विरुद्ध असतं तर एका पैगंबरानं ते केलं नसतं. आणि त्या किश्शात आणखी एक माणूस आहे. तफसीरकार सांगतात की अय्यूब यांच्या आजारपणात त्यांच्या बीबीनं लोकांच्या घरी मजुरी करून त्यांना जगवलं. आपण बायकांना सब्र अय्यूब यांचा शिकवतो आणि खिदमत बीबीची. नवऱ्यानं बीबीसारखी खिदमत करावी, असा धडा या किश्शातून काढलेला मी अजून ऐकलेला नाही.

ज्यांना बाईच्या आजाराबद्दल बोलणं बेशरमपणा वाटतो त्यांनी घरातलं ‘बहिश्ती जेवर’ उघडून बघावं. मौलाना अशरफ अली थानवी यांचं हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या मुलींना लग्नात दिलं गेलं. त्याचा एक अख्खा भाग आजार आणि इलाजांवर आहे, त्यात बायकांची दुखणी नावानिशी आहेत. ते नुस्खे आज वापरा असं मी म्हणत नाही. पण नावं घ्यायला मौलानांना लाज वाटली नव्हती. लेडी डॉक्टरचंही तेच. लेडी डॉक्टरच हवी हा आग्रह मी समजू शकते, तो बाईचा हक्कच आहे. पण ती मिळेपर्यंत थांबू म्हणत गाठ सहा महिने वाढू देणं याला शरीअतचा आधार नाही. जरूरत पडली तर पुरुष डॉक्टरला दाखवता येतं हे उलेमाच सांगतात.

शाळेत गैरहजेरीच्या चिठ्ठ्या येतात. ‘अम्मीची तब्येत बरी नाही, घरी काम होतं’ ही मुलींची चिठ्ठी नेहमीची. याच घरातला भाऊ त्या दिवशी शाळेत आलेला असतो. आईनं महिनोन्‌महिने अंगावर काढलेल्या दुखण्याचा हिशेब शेवटी मुलीच्या हजेरीपटावर निघतो, आणि नववीत खाडे वाढले की दहावीचा फॉर्म भरताना ती नसतेच. म्हणून पालकसभेत मी आता गुणांआधी तब्येतीचं विचारते. अम्मी येतात त्या सकाळी नाश्ता, डबे, लहानग्याला सोडणं उरकून. त्या वेळेपर्यंत सरकारी इस्पितळात केसपेपर काढायची रांग संपत आलेली असते. २०२२ पासून सुरू झालेले पालिकेचे ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडे असतात. ते कुठे आहेत हे मी फळ्यावर लिहून ठेवते. जमातींच्या ट्रस्टकडूनही माझी एक अपेक्षा आहे. ऑपरेशनसाठी ते मोठी रक्कम देतात, चांगलंच आहे. पण अर्ज नवऱ्याच्या किंवा बापाच्या सहीनंच घेण्याची जी सवय अनेक ठिकाणी आहे ती सोडावी, आणि तपासण्यांसाठी, सोनोग्राफीसाठी, रक्त तपासायला लागणारे हजार-दोन हजार बाईच्या हातात मिळतील अशी सोय करावी. ऑपरेशनची वेळ येऊ नये यासाठीच तो खर्च असतो.

आणि रमजान. दरवर्षी क्षयाच्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या बायका रोजे धरतात, डोस चुकवतात, कारण घरात सगळे रोजेदार असताना दिवसा पाण्याचा घोट घेणं त्यांना चोरीसारखं वाटतं. आजाऱ्याला रोजा नंतर पुरा करण्याची मुभा खुद्द कुरआनानं दिली आहे, हे शाबानच्या जुम्म्यांना मिंबरवरून सांगितलं जावं. फक्त सांगताना ‘बहनों से भी गुजारिश है’ म्हणून थांबू नये. आपल्या बहुतेक मशिदींत त्या वेळी बहिणी नसतातच. समोर त्यांचे नवरे, भाऊ आणि मुलं बसलेली असतात. घरी जाऊन ते सांगायचं, आणि दुपारची गोळी पाण्यासकट तिच्या हातात ठेवायची, हे काम त्यांचं आहे असं इमामसाहेबांनी म्हणावं.